गिरजाघराला लागलेल्या वखारीच्या विटा

अमरावतीच्या कॅम्पात कॅथलिक लोकांचं गिरजाघर बांधलं गेलं तेव्हा मी तिथं दुभाष्याचं काम करत होतो. मी ख्रिस्ती नव्हतो, नंतरही झालो नाही. वडील भिक्षुकी करायचे, घरात सोवळंओवळं कडक होतं आणि मला मात्र मंत्रांपेक्षा भाषांची गोडी लागली होती. हिंदुस्थानी बोली बाजारात शिकलो, इंग्रजी भाषा पलटणीतल्या एका कारकुनाकडून. गावातल्या मुलांना अक्षरं शिकवत असल्यामुळं सगळे मला पंतोजी म्हणायचे.

ते दिवस कापसाचे होते. दूर अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेत पोचेनासा झाला होता आणि त्यामुळं वऱ्हाडातल्या बोंडाकडं एकदम जगाचं लक्ष गेलं होतं. ज्या वाटेवर पूर्वी दिवसाकाठी चार गाड्या दिसायच्या, तिथं आता बैलांच्या घंटांचा आवाज थांबत नसे. बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले असत. अकोल्याच्या बाजूनं आगगाडीची सडक बांधत आणत होते. गावात जो तो वखार बांधायला निघाला होता, आणि अशा वेळी आमच्या पाद्रीबाबांनी गिरजाघर बांधायचं मनावर घेतलं.

पाद्रीबाबा फ्रान्स देशचे. उंच, सडपातळ, दाढी निम्मी पिकलेली. इंग्रजी त्यांना बेताचं येई, मराठी त्याहून बेताचं. मी त्यांना आदराचं बोलणं म्हणून ‘आपण’ शिकवलं होतं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की गाडीच्या बैलांनासुद्धा ते आपणच म्हणायचे. त्यांची माणसं म्हणजे छावणीतले आयरिश शिपाई, मद्रासेकडून पलटणीबरोबर आलेली काही कुटुंबं, गोव्याकडचे एकदोन कारकून. प्रार्थना एका गवती छपरात व्हायची. पावसाळ्यात छपर गळायचं आणि पाद्रीबाबा छत्री धरून पूजा करायचे.

दगडाचं का बांधत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं. आमच्याकडं काळा दगड भरपूर. देवळं, वेशी, विहिरी सगळं दगडाचं. ते म्हणाले, त्यांच्या मुलखात दगड मिळत नाही. तिथली मोठमोठी गिरजाघरं विटांची आहेत, लाल, आणि संध्याकाळच्या उन्हात ती पेटल्यासारखी दिसतात. लहानपणी ज्यात बसलो तसंच एक इथं असावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. मधोमध लांब उंच दालन, पूर्वेच्या टोकाला वेदी, पश्चिमेला दरवाजा, दरवाजावर गाडीच्या चाकासारखी गोल खिडकी. दोन्ही बाजूंना अरुंद उंच खिडक्या आणि प्रत्येकीचा माथा टोकदार. भिंतींना बाहेरून विटांचेच जाड टेके.

हे बांधणार कोण, हा प्रश्न होता. अचलपूरला, तेव्हा आम्ही इलचपूर म्हणायचो, गवंड्यांचं एक जुनं मुसलमान घराणं होतं. दोघे भाऊ कामं घ्यायचे. थोरल्याला सगळे उस्ताद म्हणत. पन्नाशीचा, बोलायला तोडून टाकणारा, हातानं मात्र फार हळुवार. धाकटा त्याच्याहून बराच लहान, दोन मुलांचा बाप. तो गुणगुणत काम करायचा आणि थोरला त्याला त्यावरून रागवायचा. मी निरोप धाडला आणि दोघे आले.

पाद्रीबाबांनी बाजेवर नकाशा पसरला. खिडकीच्या माथ्यावर बोट ठेवून ते मला समजावू लागले, की ही कमान इथल्या लोकांना नवी असेल, तर सावकाश सांग. मी सांगायला तोंड उघडलं तोवर उस्ताद वाकून बघत होता.

“हे तं आमचीच कमान होय,” तो म्हणाला. “इलचपुरात चला, मशिदीत दाखवतो. गाविलगडावर दाखवतो. पादरीबाबाले म्हणा, आमच्या आजानं ह्याच बांधल्या.”

मी ते पाद्रीबाबांना सांगितलं. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “माझ्या आजानंसुद्धा.”

उस्तादही हसला. मात्र भिंतींचे टेके बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढी जाड भिंत असताना तिला बाहेरून आधार कायले, असं त्याचं म्हणणं. इमारत काठी टेकलेल्या म्हातारीसारखी दिसेल. पाद्रीबाबांनी दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले, वरून बोटानं दाबले, पत्ते बाहेर घसरले. मग दोन्हीकडं त्यांनी दोन पुस्तकं लावली. छपराचा भार भिंतीला खाली दाबतो तसा बाहेरही लोटतो, असं ते दाखवत होते. उस्तादनं मान हलवली. पटलं नव्हतं, पण काम त्याला हवं होतं.

मी गिरजाघराच्या कामावर जातो हे घरी कळल्यावर वडिलांनी माझं ताट वेगळं मांडायला सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, फक्त माझ्याशी बोलणं कमी केलं. बायको मागच्या दारी न्हाणीत पाणी काढून ठेवायची आणि मी अंघोळ करून आत जायचो. एकदा तिनं विचारलं, “तिथं तुमाले काई खायले देतात का?”

“नाही.”

“मंग पाणी कायले एवढं लागते?”

पाणी मात्र ती रोज काढून ठेवत राहिली.

पायाचं खोदकाम उन्हाळ्यात सुरू झालं. आमची काळी जमीन उन्हाळ्यात इतकी फाटते, की भेगेत अख्खा हात जातो. पावसाळ्यात तीच फुगते आणि वर जे काही असेल ते उचलते. पाद्रीबाबांनी छावणीतले बंगले तडकलेले पाहिले होते आणि उस्तादला तर हे जन्मापासून ठाऊक होतं. त्यामुळं या बाबतीत दोघांचं एकमत होतं, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. खाली उभ्या माणसाचं पागोटंही वरून दिसेना तेव्हा पिवळा मुरूम लागला. गावातले लोक बघायला येत आणि विहीर खणताय का म्हणून विचारत.

विटा जवळच्या नाल्याकाठी पाडल्या. गाळाची माती आणि जुन्या गावठाणाची पांढरी माती एकत्र करून तुडवायची आणि भट्टीत पऱ्हाट्यांचा जाळ घालायचा. कापूस वेचून झाला, की शेतात उरलेली झाडं तीच पऱ्हाटी. त्या वर्षी ती अमाप होती. विटा चांगल्या गडद लाल निघाल्या. चुन्याची घाणी बैल फिरवत आणि तिचा घर्र घर्र आवाज माझ्या शाळेपर्यंत ऐकू यायचा. भिंती वर येऊ लागल्या. खिडक्यांच्या उंबऱ्यांपर्यंत काम आलं आणि तेवढ्यात शेठ आला.

शेठ अकोल्याचा. त्याचा बाप सरकी विकायचा, असं लोक सांगत. हा मात्र आता मुंबईच्या गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर खुर्चीला खुर्ची लावून बसे. अंगानं भरलेला, आवाज मोठा, मनानं वाईट म्हणता येणार नाही असा. बडनेऱ्याच्या सडकेला, जिथं आगगाडी येणार होती त्या अंगाला, त्यानं जागा घेतली होती. बैलांच्या दमणीतून उतरून तो सरळ आमच्या अर्धवट भिंतीजवळ आला, विटेवर टिचकी मारून बघितली आणि उस्तादला म्हणाला, “मले अशीच भिंत पाहिजे. लांब. हंगामाच्या आत.”

उस्ताद म्हणाला, “हे काम सरू द्या.”

“कधी सरते?”

“दोन वर्सं.”

शेठ पाद्रीबाबांकडं वळला आणि हात जोडून, अगदी मोकळेपणानं म्हणाला, “बाबा, तुमच्या देवाले घाई नाई. माह्या कापसाले आहे.”

मी भाषांतर केलं. पाद्रीबाबा मला म्हणाले, “यांना सांगा, ते खरं बोलतात. पण मला घाई आहे. मी म्हातारा होतोय.”

शेठनं मजुरी वाढवून देऊ केली. आधी मजूर गेले, मग घाणीवाला बैलांसकट गेला. शेवटी उस्ताद आला. पाद्रीबाबांच्या समोर तो उभा राहिला आणि माझ्याकडं न बघता बोलला, “माह्यासंगं चाळीस तोंडं हायेत. सगळे तिकडं चालले. एकटा राहून मी काय बांधू?”

पाद्रीबाबांनी त्याला अडवलं नाही. त्यांनी त्याला एकच विचारलं, परत येणार का. उस्ताद म्हणाला, येईन.

त्यानंतर गिरजाघर तसंच पडून राहिलं. छातीएवढ्या भिंती, त्यांवर आकाश. आजूबाजूच्या बाया त्यांवर गोधड्या वाळत घालायच्या. बकऱ्या आत शिरायच्या, कारण आत सावली असायची. पावसाळा जवळ आला तसे पाद्रीबाबा अस्वस्थ झाले. उघड्या भिंतीच्या माथ्यातून पाणी आत मुरलं तर चुना धुऊन जातो. मद्रासी कुटुंबांतल्या बाया, दोन शिपाई, पाद्रीबाबा आणि मी, असे सगळे मिळून भिंतीच्या माथ्यावर चिखल आणि शेण लिंपत गेलो. वर पळसाची पानं, त्यावर तुराट्या, त्यावर दगड. पाद्रीबाबांचा पांढरा झगा कमरेपर्यंत शेणानं भरला होता. माझे हातही. त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा बायको म्हणाली, शेण आहे तर मग चालते. आणि तिनं मला पुढच्या दारानं आत घेतलं.

तिकडं वखार भराभर चढत होती. मी दोनतीनदा बघून आलो. आमच्या भिंतीपेक्षा ती लांब होती, उंचही. विटा फिक्या, नारिंगीकडं झुकणाऱ्या, कारण शेठची माती दुसरीकडची होती. बांधणी उस्तादची, त्यामुळं ओळ सरळ आणि सांधा बारीक. पाया किती खोल नेला, असं मी धाकट्याला विचारलं तेव्हा त्यानं गुणगुणणं थांबवलं.

“भाऊ म्हने अजून खाली जाऊ. शेठ म्हने, हंगाम निघून जाईन. मंग भाऊच म्हने, बरं.”

छपर चढलं आणि दुसऱ्याच दिवसापासून कापसाच्या गासड्या येऊ लागल्या. भिंतीला लावून, एकावर एक, पार आढ्यापर्यंत. शेठ समाधानानं फिरत होता. त्याच्या मते वऱ्हाडात दुसरी अशी वखार नव्हती आणि बहुधा ते खरंही होतं.

पहिला पावसाळा वखारीनं काढला, आणि शेठ एकामागून एक कामं काढत गेल्यानं उस्ताद तिकडंच अडकून राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका दुपारी, मागची भिंत पडली. त्याआधी तिला भेग दिसली होती म्हणून उस्ताद आणि धाकटा ती बघायला गेले होते. उस्ताद आतून गासड्या हटवून घेत होता, धाकटा बाहेरून लाकडाचा टेकू लावत होता. भिंत बाहेरच्या बाजूला गेली.

निरोप आला तेव्हा मी पाद्रीबाबांना मराठी शिकवत होतो. आम्ही दोघे शिपायांच्या टांग्यातून पोचलो. लोकांनी धाकट्याला विटांखालून काढून कापसाच्या फुटलेल्या गासडीवर झोपवलं होतं. कापूस लाल होत चालला होता. उस्ताद त्याच्या डोक्याशी बसून त्याच्या तोंडावरची माती पुसत होता, पुसून झाली तरी पुसत होता.

छावणीचा डॉक्टर आला. त्यानं चिरडलेला पाय बघितला आणि माझ्याकडं वळून इंग्रजीत सांगितलं, की गुडघ्याच्या वरून कापावा लागेल, आत्ताच, नाहीतर माणूस जाईल. हे याला सांगा.

आयुष्यात मी पुष्कळ बोलणी इकडची तिकडं केली. कोर्टात केली, बाजारात केली, लग्नंही जुळवली. ते एक वाक्य जुळवायला मला जेवढा वेळ लागला तेवढा पुन्हा कधी लागला नाही. मी उस्तादशी बोलायला गेलो, पण ऐकलं धाकट्यानं.

“कोनता?” त्यानं विचारलं.

“उजवा.”

त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, “भावाले बाहीर न्या.”

पाद्रीबाबांनी उस्तादला खांद्याला धरून बाहेर नेलं. मी आत थांबलो, कारण डॉक्टर काय विचारेल ते सांगायला कुणीतरी हवं होतं.

धाकटा वाचला. ताप उतरल्यावर गाडीत घालून त्याला अचलपूरला नेलं. शेठनं गाडी दिली, औषधपाणी बघितलं, स्वतः दोनदा येऊन बसून गेला. पण भिंत पडल्यामुळं त्याचा बराच कापूस भिजला होता आणि त्याचं मन दुसरीकडं होतं.

दिवाळी झाली तरी उस्तादचा पत्ता नव्हता. इतर गवंडी मिळत होते, पण पाद्रीबाबा थांबले. एका सकाळी ते म्हणाले, इलचपूरच्या छावणीत जायचंय, तिथल्या सुताराला काही साचे दाखवायचे आहेत. आम्ही गाडीनं निघालो. साचे म्हणजे लाकडी चौकटी. खिडक्यांच्या कडा गोल आणि खोबणीच्या हव्या होत्या, त्यासाठी विटा साध्या चौकोनी चालणार नव्हत्या. प्रत्येक आकाराची वीट वेगळ्या साच्यात पाडावी लागणार होती.

गावात शिरल्यावर पाद्रीबाबांनी गाडी आधी उस्तादच्या घराकडं वळवायला सांगितली. दोघे भाऊ ओसरीवर होते. उस्ताद खांबाला टेकून, धाकटा बाजेवर. धाकट्याच्या बायकोनं आम्हाला बसायला घोंगडी टाकली. पाद्रीबाबांनी धाकट्याची तब्येत विचारली, मुलांची नावं विचारली. गिरजाघराचा विषय त्यांनी काढला नाही. शेवटी उस्तादच बोलला.

“पंतोजी, यायले सांगा. ते भिंत मीच बांधली. पाया उथळा आहे हे मले मालूम होतं. आता मी करनी-थापी हातात घेत नाई.”

मी सांगितलं. पाद्रीबाबा म्हणाले, समजलं.

मग गाडीतलं सामान उन्हात तापतंय म्हणून गाडीवाल्यानं साचे काढून ओसरीच्या कडेला ठेवले. पाद्रीबाबांनी हे त्याला आधी सांगून ठेवलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी नंतरही विचारलं नाही. धाकट्यानं हात लांब करून एक साचा उचलला, अंगठा आतल्या कडेवरून फिरवला.

“हे कोनी केलं? धार वाकडी हाय.”

“अमरावतीच्या कॅम्पातल्या सुतारानं,” मी म्हणालो.

“त्याले गोलाई येत नाई.” त्यानं दुसरा उचलला, डोळ्यासमोर धरला. “ह्याच्यातून ईट निंघनारच नाई. फसून बसन. कानस हाय का घरात?”

त्याची बायको दारात उभी होती. ती आत जाऊन कानस घेऊन आली आणि त्याच्या हातात देऊन मग सरळ पाद्रीबाबांकडं बघत बोलली. पडदा पाळणारी बाई, पण त्या दिवशी तिनं पाळला नाही.

“दोगंही घरात बसून एकामेकाकडं पाहून राहिले. चार महिने झाले. हा त्याच्यासाठी रडते, तो ह्याच्यासाठी. तुमी यायले घेऊन जा बाबा. बसल्या जागी होईन असं काम द्या ह्याले. आन् भासऱ्याले, ह्याच्या भावाले, काय द्याचं ते द्या.”

उस्ताद म्हणाला, “तू आत जाय.”

“नाई जात,” ती म्हणाली.

हे मी पाद्रीबाबांना सांगायच्या आत त्यांना कळलं होतं. ते मराठीत, चुका करत म्हणाले, “आपण येता का? साचा आपण करा. बसून.” हे ते धाकट्याला म्हणाले. उस्तादला ते काहीच म्हणाले नाहीत.

धाकटा आला तेव्हा अर्थातच उस्तादही आला. पहिले काही दिवस तो फक्त भावाला उचलून ठेवायचा, पाणी द्यायचा, आणि बकऱ्या हाकलायचा. एका सकाळी मी गेलो तर तो भिंतीच्या माथ्यावरचं आमचं शेण खरवडत होता. आत विटा कोरड्या होत्या, चुना घट्ट होता. कुणी लिंपलं, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो खाली उतरला, बाहेरून एका टेक्याजवळ जाऊन उभा राहिला आणि त्यावर हात ठेवून म्हणाला, “हे ठेवू. आन् जरा जाड करू.”

पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी तारेनं मुंबईत आली आणि तिथून आमच्याकडं पसरली. भाव कोसळले. अकोल्यात माझा सासरा राहायचा, तो सांगायचा, की बाजारात माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. आमचा शेठ त्यातच गेला. खुर्च्या गेल्या, दमणी गेली. एक दिवस तो चालत आमच्याकडं आला.

“वखारीच्या उरलेल्या भिंती घेऊन जा बाबा,” तो म्हणाला. “जागा सोडाची आहे मले. विटा चांगल्या हायेत. कोनी नेल्या तं बरं.”

विटांची आम्हाला गरज होतीच, नाला आटल्यानं भट्टी बंद होती. पण पाद्रीबाबा लगेच हो म्हणाले नाहीत. ज्या वखारीनं धाकट्याचा पाय नेला तिच्या विटा इथं लावाव्यात का, हे त्यांनी दोघा भावांना विचारायला सांगितलं. धाकटा साचा घासत होता, तो मान वर न करता म्हणाला, “इटीचा काय कसूर?”

उस्तादनं ती वखार स्वतः उतरवली. भिंत पाडायची तर लोक खाली पहार लावतात आणि बाजूला होतात. त्यानं तसं केलं नाही. परांची बांधून वर चढला आणि माथ्याच्या ओळीपासून एकेक वीट सोडवत खाली आला. चुना खरवडून, वीट वाजवून बघून, मगच खाली सोडायचा. मी सावलीत उभा राहून बघत होतो. शेठही आला होता. एकदा उस्ताद वरून त्याला म्हणाला, “शेठ, उन्हात उभे नका राहू.” शेठ सावलीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. नंतर तो अकोल्याला परत गेला आणि बापाचाच सरकीचा धंदा करू लागला. तो त्याला चांगला जमला, असं ऐकलं.

गिरजाघर पुरं झालं. खिडक्यांच्या उंबऱ्यांपर्यंत भिंत गडद लाल आणि तिथून वर फिकी नारिंगी, अशी ती दोन रंगांची झाली. नंतर आलेले साहेबलोक म्हणायचे, काय सुंदर कल्पना आहे. पाद्रीबाबा हसून मान डोलवायचे. खिडक्यांच्या कडा, दरवाजाचे कोपरे आणि ती चाकासारखी गोल खिडकी, यांच्या सगळ्या आकाराच्या विटा धाकट्याच्या हातच्या. तो बाजेवर बसून पाडायचा, वाळल्यावर दगडावर घासायचा आणि पुन्हा गुणगुणायला लागला होता. थोरला आता रागवत नसे.

वेदीपुढची मोठी कमान बंद झाली त्या दिवशी खालचा लाकडी सांगाडा काढायचा होता. उस्तादनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकटा आत राहिला. पाचरी ठोकून काढल्याचे आवाज ऐकू येत होते, मग लाकडं पडल्याचा मोठा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. धाकटा काठी टेकत दारापर्यंत गेला आणि त्यानं हाक मारली. आतून उस्तादचा आवाज आला, “उभी हाय.” तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दाढीत चुना होता. पाद्रीबाबांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो खाली बसून सगळा प्यायला.

पहिली पूजा झाली तेव्हा आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली होती, त्यामुळं गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त होती. मी बाहेर उभा होतो. दोन्ही भाऊ झाडाखाली. आतून लॅटिन गाणं ऐकू येत होतं, त्यातलं मला काहीच कळत नव्हतं, आणि दुभाष्या म्हणून मला त्याचा थोडा रागही आला.

काही दिवसांनी बायको म्हणाली, मले दाखवा. वडील तोवर वारले होते. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. ती दारातच चपला काढून उभी राहिली आणि वर बघत राहिली. पाद्रीबाबा आतून आले. तिनं पदर सारखा केला आणि मला म्हणाली, “यायले विचारा, प्रदक्षिणा कुठून घालाची?”

मी विचारलं. पाद्रीबाबांनी आजूबाजूला बघितलं, जणू आपण काही विसरलो की काय. मग म्हणाले, तशी जागा ठेवलेली नाही. बाहेरून घाला. ती बाहेर गेली आणि इमारत उजव्या हाताला ठेवून चालू लागली. टेक्यांमुळं तिला दर थोड्या अंतरावर वळसा घ्यावा लागत होता. आम्ही दोघे दारात थांबलो होतो.

पुढं मला अकोल्याच्या सरकारी शाळेत नोकरी लागली आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. पाद्रीबाबांना नागपूरला बोलावलं, तिथंच ते गेले. उस्तादनं त्यानंतर अंजनगावच्या बाजूला एक मोठी विहीर बांधली आणि मग काम सोडलं. धाकट्याची गाठ मला एकदा अकोल्याच्या बाजारात पडली. त्याचा मोठा मुलगा हाताशी होता, दोघे आगगाडीच्या पुलासाठी विटा पाडायला चालले होते. घरचं बरं आहे का, मी विचारलं. तो म्हणाला, बरं हाय, आणि पोराला म्हणाला, पंतोजीच्या पाया पड. पोरगं पाया पडलं. मग त्यांची गाडी सुटायची वेळ झाली म्हणून ते घाईनं निघून गेले.